पस्तीस दिरहमची ढोलकी

"अम्मा, एक लाइन लिखिए. कुछ भी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य लिहिलं : रोज सकाळी लवकर उठावे. 'रोज' टपोरं आलं. 'उठावे'पर्यंत पोचताना अक्षर मुंगीएवढं झालं. त्यांनी मला कॉरिडॉरमधून चालवून आणलं, बोटं चिमटीसारखी उघडमीट करायला लावली, मेंदूचा एमआरआय बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पार्किन्सन्स डिसीज."

म्हणजे मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी तयार होतं आणि हालचालीचा हुकूम अंगाला वेळेवर पोचत नाही. माझ्या मुलाने, अभयने, विचारलं, कधी बरं होईल? "ठीक नहीं होगा. संभालना पड़ेगा."

ज्यांनी हे नाव नुकतंच ऐकलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधी आपल्या मूर्खपणाबद्दल. लक्षणं तीन वर्षं घरात वावरत होती. अक्षर बारीक झालं, मी पेनाला नावं ठेवली. फोडणीचा वास येईना, मी दुबईच्या मोहरीला नावं ठेवली. चालताना डावा हात हलायचा थांबला होता. हीच बाई एकेकाळी कवायतीत मुलींवर खेकसायची, "हात हलवा, हात! मेलात का?"

आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला तिसऱ्या मजल्यावर राहायचो : अभय, सून प्राची, नात इरा आणि मी. ते मंदीचं साल होतं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एका सकाळी थांबल्या त्या थांबल्याच. अभयची कंपनी निम्मी झाली, त्यात त्याचीही नोकरी गेली. दोन महिन्यांनी त्याला अबू धाबीत काम मिळालं, पण घरी यायला आठ वाजायचे. प्राची पाचला यायची. कामवाली परवडेना. आणि इराची स्कूलबस दुपारी दोन चाळीसला खाली यायची. नियम असा, की घरचं मोठं माणूस उभं नसेल तर बसमधली बाई मुलाला उतरवत नाही, शाळेत परत नेते.

मोठं माणूस म्हणजे मी. आणि मी लिफ्टच्या दारात खिळायचे.

याला 'फ्रीझिंग ऑफ गेट' म्हणतात. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दुखत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. दार, उंबरठा, अरुंद जागा दिसली की हमखास. लिफ्ट उघडायची, बंद व्हायची, आणि मी बाहेर पुतळ्यासारखी उभी.

"आई, तू नाशिकला ताईकडे जा," अभय म्हणाला. "इथे एकटी असताना पडलीस तर?"

"तिकडे एकटी नसताना पडेन, एवढाच फरक."

"चेष्टा नको गं."

"मग एक महिना दे. महिनाभर इराला मी आणलं, तर मी इथेच राहणार. एकदा जरी चुकले, तर तिकीट काढ."

फिजिओथेरपिस्टने वाट दाखवली. त्याने जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या आणि टाळ्या वाजवल्या. दीड मिनिट खिळलेला पाय टाळीसरशी उचलला गेला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "अंदर का ऑर्डर नहीं पहुंचता, तो बाहर से दो. इसको क्यू बोलते हैं. लेकिन यह इलाज नहीं है. गोली टाइम पर लेनी ही है." क्यू म्हणजे बाहेरून मिळणारा इशारा. ठेका कानात हवा, म्हणजे गाणं वाजवणारं काहीतरी हवं.

अभयने स्वतःचा महागडा प्लेअर पुढे केला. त्यावर बोट सरकवायचं असतं. माझ्या कापऱ्या बोटाने सरकवलं, की माझं गाणं जाऊन इंग्रजी आरडाओरडा सुरू. तो मी परत केला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटीएवढा एक घेतला. पस्तीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे साडेचारशे रुपये झाले.

त्याचे गुण सांगते. खरोखरीचं दाबायचं बटण, अंगठ्याला कळणारं. मागे चिमटा, गाऊनच्या खिशाला अडकतो. वजन नाही, त्यामुळे पडला तरी फुटत नाही, आणि तो पाडण्यात मी पटाईत. अवगुणही तेवढेच. पडदा नाही, त्यामुळे काय लागणार ते लागल्यावरच कळतं. पेन्सिल सेल पंधरा दिवसांत संपतो. डावा इअरफोन आठवड्यात मेला, पण तो मी बदलला नाही. एक कान मोकळा असला की मागून येणारी गाडी ऐकू येते. आणि सर्वांत मोठा अवगुण : कुठे होतो हे त्याला आठवत नाही. बंद करून चालू केला, की पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात. पुढच्या गाण्याचं आणि बंद-चालूचं बटण एकच, बंद-चालूसाठी जरा जास्त दाबायचं.

गाणी प्राचीने भरली. शुभारंभ म्हणून पहिली गणपतीची आरती, मग अभंग, मग भावगीतं. आजी म्हणजे भजन, हे तिचं गणित. भावगीतावर माझे पाय विचार करत बसायचे. शेवटी मी म्हटलं, "प्राची, ढोलकीचं काहीतरी टाक. चांगलं फडातलं."

"आई, तुम्ही?" ती बघतच राहिली.

तिचं चुकलं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मंदा नावाच्या मुलीने ढोलकीवर नाच बसवला होता. तालमीत मी टेप बंद केला. "ही शाळा आहे, तमाशा नव्हे," असं म्हणून तिच्या जागी वृक्षारोपणाचं समूहगीत घातलं. शून्य टाळ्या पडल्या. तेव्हाच्या त्या बाईंना, म्हणजे मलाच, मी आज भेटले, तर त्यांच्या हातातली छडी काढून घेईन.

ढोलकीचं गाणं बावीस नंबरला आलं. एकवीस वेळा बटण दाबून मी ते लावायचे आणि निघायचे. नऊ दिवस इराला आणलं. अभयने नाशिकचं नाव काढणं सोडलं होतं.

दहाव्या दिवशी लिफ्ट उघडली, अंगठा थरथरला, बटण जास्त दाबलं गेलं. प्लेअर बंद. घाईने चालू केला, तर आरती.

आता आरती सुरू झाली की जागा सोडायची नाही आणि ती मधेच तोडायची नाही, ही माझी साठ वर्षांची शिस्त. प्रार्थनेत हलणाऱ्या किती पोरींना मी उन्हात उभं केलंय! पाय आधीच निमित्त शोधत होते. ते असे रुजले, की लिफ्ट चारदा येऊन गेली. खाली हॉर्न वाजला. मग बस निघून गेल्याचा आवाज आला.

इराला प्राची ऑफिस अर्धं टाकून शाळेतून घेऊन आली. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते. "आजी, यू डिडन्ट कम," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्याने मी जेवढी खचले, तेवढी डॉक्टरीणबाईंच्या निदानाने खचले नव्हते.

अभयने नाशिकचं तिकीट बघायला घेतलं. मी अडवलं. "शब्द मी मोडलाय, कबूल. पण चूक पायांची नाही, क्रमाची आहे. प्राची, ढोलकी एक नंबरला टाक."

"आणि बाप्पा?"

"दोन नंबरला."

"आई! बाप्पाला दुसरा नंबर?"

"तो विघ्नहर्ता आहे ना? मग लिफ्टच्या दारात तोच विघ्न होऊन उभा राहिला, तर त्याला तरी बरं वाटेल का?"

प्राची हसली आणि लॅपटॉप उघडला. अभय मात्र हसला नाही. "उद्या मी रजा घेतो. समोर उभा राहून बघतो. मी आधी खाली जाऊन इराला घेणार नाही. पण तू अडकलीस तर मग बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दीडला गोळी घेतली. डाळ-दही नंतर, कारण प्रथिनं आधी पोटात गेली की माझी गोळी मागे पडते. अडीचला निघाले. लिफ्ट उघडली तेव्हा ढोलकीचं गाणं संपत आलं होतं, आणि दारात पाय खिळले. अभय मागे, हाताची घडी घालून. मी अंगठ्याने बटण दाबून धरलं. बंद. पुन्हा दाबलं. चालू.

आणि तो विसरभोळा पस्तीस दिरहमचा डबा त्याचा सर्वांत मोठा अवगुण घेऊन माझ्या मदतीला आला. पुन्हा पहिल्यापासून! ढोलकी कडाडली, उजवा पाय उचलला, मग डावा. मी लिफ्टमध्ये होते. महागडा प्लेअर असता, तर जिथे थांबला तिथूनच रेंगाळत सुरू झाला असता.

खाली आमचा वॉचमन होता, चिपळूणकडचा. माझी चाल बघून म्हणाला, "आजी, शिमगा आला की काय?"

"आला! बाजूला हो!"

बस आली. इरा उतरली, आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आजी, आर यू डान्सिंग?"

"येस," मी म्हटलं. अभय दोन हात मागे होता. त्याने इराचं दप्तर घेतलं, माझा हात धरला नाही. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

याला चार वर्षं झाली. आजार पुढे सरकलाय, खोटं कशाला बोलू? गोळ्या तिनाच्या पाच झाल्या. बाहेर आता वॉकर लागतो. काही दिवस ढोलकीलाही पाय दाद देत नाहीत, तेव्हा इरा पुढे उभी राहून टाळ्या वाजवते. तुमचा ठेका वेगळा असेल, तो तुमच्या थेरपिस्टबरोबर शोधा. पण तो शोभेल का, याचा विचार करत बसू नका. मी तो विचार अर्धं आयुष्य केला आणि त्या आयुष्यातलं एक पाऊलही आता मला उपयोगी पडत नाही. मंदा, तू कुठे असशील तिथे, बाई तुझी माफी मागते.

डॉक्टरीणबाईंचे आभार, टाळ्या वाजवणाऱ्या त्या थेरपिस्टचे आभार. प्लेअरचा चिमटा तुटला, आता तो इराच्या हेअरबँडने बांधलाय.

दुपारी घरी परतलो, दार लावलं, इरा हात धुवायला पळाली, की मी पुढच्या गाण्यासाठी बटण दाबते. दोन नंबरला बाप्पा. मग मी हात जोडून उभी राहते, जराही न हलता. या वेळी मात्र माझ्या मर्जीने.