गंगाधरच्या गाण्यातलं ‘हाव’

“कोण बोललं बे मंधात? मी इचारून राह्यलो, कोण बोललं?” हेडफोन गळ्यात ओढून किसन ओरडत होता. इचोड्यात मोबाइलच्या दुकानामागे त्याची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, आत आम्ही तिघेच. किसन कीबोर्डपाशी, मी ढोलकीवर आणि माइकसमोर डोळे मिटून गंगाधर. माझ्या तोंडाला आराम नसतो हे तेलंगणातल्या आमच्या अख्ख्या बोथ मंडलाला ठाऊक, म्हणून किसनने आधी माझ्याकडेच रोखून पाहिलं. मी आईची शपथ घेतली. गंगाधरने डोळे उघडले आणि दारात ओळखीचा पाहुणा दिसावा तसं सहज म्हणाला, “राहू दे ना. दादा हाये तो.”

तो गंगाधर गेल्या महिन्यात गेला. बोथच्या बाजारात मी मेथीच्या जुड्या लावत होतो, तेव्हा खबर आली… आणि मेथी तशीच टाकून मी निघालो. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी त्याच्या गळ्याबद्दल लिहावं लागेल. गंगाधर ज्वारीत उभा राहून ‘हुर्र’ म्हणाला की आमच्याकडचे पोपट पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात रहिवासी दाखला मागायला जायचे. एकदा त्याच्या तानेने इचोड्याच्या ढाब्यावर उभ्या ट्रकचा ब्रेक सुटला होता. हे मी वाढवून सांगतो, कबूल. पण पुढचं जे सांगणार आहे त्यात माझ्या पदरचं मीठ एवढंसंही नाही, आणि पंचाईत अशी की माझ्या आयुष्यातली तेवढीच एक गोष्ट कुणाला खरी वाटत नाही.

गंगाधर आणि त्याचा थोरला भाऊ मारोती, दोघांची शेतं लागून. ज्वारी दाण्यावर आली की दोघं आपापल्या मचाणावर गोफण घेऊन बसायचे. ज्वारी अशी उंच की एकाला दुसरा दिसायचा नाही, म्हणून हाक द्यायची. गंगाधर ओरडायचा, “दादा, जागा हाय का?” आणि तिकडून होकार यायचा, “हाव.” आमच्याकडे सगळेच असं करतात, एकटा माणूस मचाणावर पेंगतो, आणि पाखरं पेंगणाऱ्याचंच शेत बरोबर ओळखतात. त्या दिवशीही सकाळभर हाक जात होती, उत्तर येत होतं. दुपारी मारोतीची बायको, रुक्मिणवहिनी, भाकर घेऊन मचाणाखाली गेली. मारोती खांबाला टेकून बसलेला, हातात गोफण, अंग थंडगार. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेला हा, ऊन चढायच्याही आधी. पण गंगाधरला शेवटचं ‘हाव’ मिळालं होतं ते दुपारी, वहिनी बांधावरून येताना… आणि त्या शेतातल्या कणसाला एकाही पाखराची चोच लागलेली नव्हती.

पुढे वर्षभर गंगाधर गायला नाही. मग एक दिवस त्याने त्या हाकेचंच गाणं केलं. शेतातली चाल, खाली लग्नातल्या बँडचा ठेका. “पाखरू आलं, दाण्यावर बसलं, दादा, जागा हाय का?” आणि तिथे तो थांबायचा. ती जागा त्याने मुद्दाम मोकळी सोडली होती. किसनच्या खोलीत ती मोकळी राहिली नाही, एवढंच. जाड, किंचित घोगरं, जरा दुरून आल्यासारखं ‘हाव’. किसनने ते रेकॉर्डिंग तसंच विकलं, आणि गाणं असं पेटलं की विचारू नका. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरवर, वरातीत. मराठीचा गंध नसलेले तेलुगू नवरदेवसुद्धा त्या जागेवर घोड्यावरून हात वर करून ‘हाव’ ओरडायचे. लोकांना वाटायचं, काय झकास युक्ती केलीय.

रुक्मिणवहिनीने ते पहिल्यांदा ऐकलं आणि गंगाधरला म्हणाली, “भावजी, हे त्यायचंच बोलणं हाये. पुसू नका याले.” घरात मारोतीचा एक पुसट फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. तेव्हापासून रोज चूल पेटवायच्या आधी ती फोनवर ते गाणं लावायची, ‘हाव’ झालं की बंद करायची आणि उठायची. जणू नवऱ्याला विचारून स्वयंपाकाला लागत होती.

मग हैदराबादकडचे लोक आले. गाणं नव्याने करू म्हणाले, झकपक. ते मधलं खरखरीत तेवढं काढू, जुनं सगळीकडून उतरवू. किसन तर उडायलाच लागला. गंगाधर म्हणाला, “जमत नाही.”

“काऊन पण?” किसनने विचारलं.

“वहिनीचा नवरा हाये त्याच्यात. त्याले कुठं काढू?”

शेवटी भेटलो तेव्हा त्याचाच गळा गेला होता. आजाराने आवाज खाल्ला, कुजबुज तेवढी उरली. मी नेहमीसारख्या थापा मारल्या, तो डोळ्यांनी हसला. मग माझा हात ओढून कानाशी म्हणाला, “ते गाणं वहिनीपाशी ऱ्हाऊ दे. कोनाले हात लावू नको देऊ.” मी शब्द दिला.

तेरवी झाल्यावर वहिनीकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, लावा वहिनी, ऐकू. तिने फोन पुढे सरकवला. गंगाधर गायला, पाखरू आलं, दाण्यावर बसलं, त्याने हाक दिली… आणि पुढे नुसती माझी ढोलकी. मी पुन्हा लावलं. पुन्हा ढोलकीच. मी किसनला फोन केला, मूळ रेकॉर्डिंग लाव म्हटलं. त्याने लावलं, आणि फोनवरही नुसती ढोलकीच ऐकू आली. इचोड्याच्या ढाब्यावर धावलो, ट्रकवाल्यांकडून वाजवून घेतलं. सगळीकडे तेच. कुणी हात लावला नव्हता, आणि मारोती कुठेच नव्हता.

धापा टाकत परत आलो. कोणत्या तोंडाने सांगावं कळेना. “वहिनी,” म्हटलं, “आवाज गेला. सगळ्यातूनच गेला.”

तिने हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

“गंगाधरभावजी पोचले असतीन तिकडं त्यायच्यापाशी,” ती म्हणाली. “आता इकडं काऊन बोलतीन ते.”