पट्ट्यातली अक्षता

जुनी भारी घड्याळं विकणाऱ्या दुकानात मी एक स्विस घड्याळ उलटसुलट करून पाहत होतो. नवं घ्यायची ऐपत नाही आणि साधं घ्यायची इच्छा नाही, अशा माणसांसाठीच ही दुकानं असतात. काचेवर एकही ओरखडा नव्हता.

"पहिल्या मालकांनी जवळजवळ वापरलंच नाही," दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात पट्ट्याच्या दोन कड्यांमध्ये अडकलेला तांदळाचा दाणा दिसला. कुंकवाने लाल झालेला. लग्नातली अक्षता.

त्या एका दाण्यावरून मला तो अनोळखी माणूस अख्खा दिसला. हौसेने घड्याळ घेऊन ते कपाटात ठेवणारा, फक्त लग्नाला बाहेर काढणारा, अक्षता टाकताना मनगट जरा जास्तच उंच करणारा. आपण भारी वस्तू घेतो आणि तिच्या लायकीचा दिवस उजाडायची वाट पाहत बसतो. चांगले कप पाहुण्यांसाठी राखून आपण कान तुटलेल्या कपातून चहा पितो. मला त्या माणसाची कीव आली.

"हे हाताच्या हालचालीवर चालतं. रोज घाला, नाहीतर बंद पडेल," दुकानदाराने बजावलं.

"रोजच घालणार," मी ठणकावून सांगितलं आणि घड्याळ घेतलं.

घरी बायकोने विचारलं, "उद्या ऑफिसला घालून जाणार ना?"

"ऑफिसला?" मी दचकलोच. "अगं, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे."

घड्याळ रुमालात गुंडाळून कपाटात ठेवताना तो दाणा पुन्हा दिसला. म्हटलं, राहू दे. महिन्याभरात त्याला सोबत मिळेल.