कळंबोलीचा उतरलेला आकडा

सुजाता ठाकूर तापाच्या रुग्णांना न तपासताच परत पाठवते, असं मी भर मीटिंगमध्ये माईकवर सांगितलं. पुरावा नव्हता. फक्त संशय होता, आणि तोही चुकीच्या माणसावर.

नवी मुंबईत मलेरिया नियंत्रणाचा परिणाम मोजणं हे माझं काम. फवारणी केली, साचलेल्या पाण्यात औषध टाकलं. पण रुग्ण खरंच कमी झाले का, हे मी पाहतो. सुजाता कळंबोलीच्या आमच्या केंद्रात लॅब टेक्निशियन. ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ती काचपट्टीवर पसरते आणि मायक्रोस्कोपखाली तपासते. त्या काचपट्टीला आम्ही स्लाइड म्हणतो.

त्या पावसाळ्यात कळंबोलीचे रुग्ण एकदम घटले. वाशीच्या मीटिंगमध्ये साहेब खूश होते.

"फवारणी यशस्वी! प्रेझेंटेशन बनवा."

"सर, स्लाइडही घटल्यात. रक्तच कमी तपासलं तर मलेरिया सापडणार कसा? कळंबोलीत सुजाता मॅडम तापाच्या रुग्णांना न तपासताच परत पाठवतायत."

सुजाता समोरच बसली होती. कंत्राटी नोकरी, रिन्युअल तोंडावर आलेलं.

"आत आलेल्या एकालाही मी परत पाठवलं नाही, सर."

मला ते पाठ केलेलं वाटलं. साहेबांनी तिचं रिन्युअल थांबवलं.

मग मला तिचं सगळंच खोटं दिसू लागलं. लांब जासईहून येते, म्हणजे उशिरा पोचत असणार. वाद घालत नाही, म्हणजे लपवत असणार. तिला पकडायचंच म्हणून एका सकाळी मी न कळवता कळंबोलीला गेलो आणि केंद्रासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो.

सुजाता केंद्र उघडायच्या आधीच हजर. थोड्या वेळाने एक ट्रक ड्रायव्हर चादर गुंडाळून, कुडकुडत आला. वॉचमनने त्याला गेटवरच अडवलं.

"इधर का पता है क्या? नहीं? तो गाँव जाके दिखाओ."

तो गेला. त्याच्यामागून आलेला क्लीनरही तसाच गेला. मी उठून गेटवर गेलो.

"काका, यांना का घालवता?"

"वरून ऑर्डर हाय, सायेब. इथला पत्ता नाय, त्याला आत घ्याचा नाय."

"कोणाची ऑर्डर?"

"हाय कोन तरी वाशीचा शाना."

तो शहाणा मीच होतो. मलेरियाच्या एका प्रकारात दोन आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. ड्रायव्हर मध्येच निघून जातात, उपचार अर्धवट राहतात आणि आमचा रिपोर्ट खराब दिसतो. म्हणून बाहेरच्या रुग्णांना त्यांच्या गावी पाठवा, असं उन्हाळ्यात मीच सांगितलं होतं. कळंबोलीत ताप येतो तो ट्रकच्या यार्डात उघड्यावर झोपणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरना. त्यांनाच मी मोजणीतून काढलं होतं. तो ड्रायव्हर तापातच गाडी घेऊन कुठे गेला, मला माहीत नाही.

मी आत गेलो. "मॅडम, चूक माझी होती. सॉरी."

तिने मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नाही. "आळ माईकवर घेतलात, आणि सॉरी कानात सांगता होय?"

ऑर्डर मी त्याच दिवशी मागे घेतली. ड्रायव्हर पुन्हा येऊ लागले आणि कळंबोलीचा आकडा चढला.

"वा! माझा ग्राफ बिघडवलात," पुढच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले.

आता आकडा उतरला की मी आधी विचारतो, आपण कोणाला मोजायचं थांबवलं? त्या मीटिंगमध्ये मी माईक मागून घेतला.

"सुजाता मॅडमनी एकही रुग्ण परत पाठवला नाही. परत पाठवले ते मी. त्यांचं रिन्युअल माझ्या बोलण्यावरून अडलंय, ते आजच करा, सर. मॅडम, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."