गेनूकाकाची कडी

दुपारी गवताच्या भाऱ्याला पाठ टेकून लहानू ढेबे डोळे मिटतो, तेव्हा त्याच्या मनात एकच घोळत असतं: संध्याकाळी व्यापारी येणार आणि चिमणी विकली जाणार. माथेरानात लगाम न सोसणारी घोडी कोण पोसणार? फारच नाजूक तोंडाची निघाली बया. तोंड घट्ट व्हावं म्हणून लहानूने पंधरा दिवस लगामाने तिच्या ओठाच्या कोपऱ्यात झालेल्या जखमेवर तुरटी चोळली, तर तिने चाराच टाकला.

डोळा लागतो न लागतो तोच तबेल्याचं दार लाल मातीच्या वाटेवर उघडतं. समोर गेनूकाका. लहानूला घोडा धरायला शिकवणारा, श्रावणात गेलेला त्याचा चुलता. लहानूला भीती वाटत नाही, लाज वाटते.

"बसा की काका."

"बसाया न्हाई आलो. तोंड बघू."

लहानू चिमणीला पुढे करतो.

"तिचं न्हवं. तुझं."

वाटेवर आता झेंडूची फुलं आहेत. दसरा आहे. गेलेल्या माणसाचा लगाम पुजून त्याने मागे ठेवलेल्या घोडीला चढवायचा, ही घरची रीत. लहानू रडत रडत काकाचा लगाम चिमणीला चढवतोय आणि त्याची तोंडात बसणारी लोखंडी कडी स्वतःच्याच दातांत येतेय. थंडगार. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी कचकन रुततं.

"मानानं घातली, काका," तो कसाबसा बोलतो.

"मान माझा, आन तोंड तिचं फाटलं व्हय रं?" काकाचे डोळे भरलेत. "माझ्या जुन्या घोड्यानं सतरा वर्सं चावली ती. सांधा झिजून विळा झालाय. हात फिरवून बघितलास कदी?"

नाही बघितला. लहानूला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता गुडघाभर पाणी आहे. काका ओंजळीने त्याचं तोंड धुतोय. पाणी कोमट, खारट.

"आदी कडी काढ. निस्ती दोरी बांध. रोज असं मिठाच्या पान्यानं धू, मऊ भिजवलेलं खाया दे. उगड्या जखमेवर तुरटी लावतो व्हय, गाढवा? कातडं धरू दे, मंग पातळ तुरटीचं पानी. कडी नवी घे, जाड, गुळगुळीत. रोज थोडा येळ निस्ती चगळू दे, वडू नगंस."

"आन व्यापारी?"

काका लगाम हातात गोळा करतो. "वडू का?" म्हणतो, आणि ओढतो.

लहानू ओरडत जागा होतो. ऊन कलंडलंय. समोर चिमणी मान खाली घालून उभी आहे, खुंटीवर लगाम आहे. तो कडीच्या सांध्यावरून अंगठा फिरवतो. धार लागते.

"लहानू, आहेस का?" बाहेरून व्यापारी हाक मारतो. "नाजूक तोंडाची म्हणालास तीच ना ही?"

"न्हाई," लहानू म्हणतो. "तिच्या तोंडाला काय बी झालं न्हवतं. मीच फाडलं. घोडी इकायची न्हाई."

व्यापारी त्याच्याकडे बघतच राहतो. "अरे, तुझ्या तोंडाला काय झालं?"

लहानू ओठाच्या कोपऱ्याला हात लावतो. बोटं लाल होतात. जिभेवर मीठ आहे.