अण्णा, पिंट्या आणि दोन खोल्या

"माणसं कितीबी आणा, कुत्रं नको," तिसरे घरमालक म्हणाले आणि हातातली किल्ली परत खिशात टाकली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिरूरमध्ये खोल्या भाड्याने मिळवून देणारा एजंट होतो. रांजणगावला कंपन्या वाढत होत्या, बाहेरून माणसं येत होती. काम सोपं होतं. घर दाखवायचं, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करायचं. अकराच, कारण बारा झाले तर भाडेकरू हक्क सांगेल अशी मालकांना धास्ती असायची.

जगताप सुपरवायझर होते, बदलून आलेले. सोबत त्यांचे वडील अण्णा आणि पिंट्या नावाचं तांबूस गावठी कुत्रं. कंपनीचं गेस्ट हाऊस शनिवारपर्यंत सोडायचं होतं. हातात चार दिवस होते.

मी म्हणालो, "साहेब, आधी अ‍ॅग्रीमेंट करू. कुत्रं आठवड्याने आणा. एकदा आत गेलं की कोण काढतंय?"

"खोटं बोलून नको," जगताप म्हणाले. "आणि आठवडाभर त्याच्याशिवाय जमणार नाही."

"गावाकडे कुणाकडे ठेवता येईल का?"

ते म्हणाले, "अण्णांना आता काही आठवत नाही. दार उघडं दिसलं की चालू लागतात. मी ड्यूटीवर असतो. पिंट्या त्यांना घरी आणतो. तो नसेल तर मला त्यांना कोंडून जावं लागेल."

तोवर प्रत्येक मालकाला मी घर पसंत पडल्यावर, अगदी निघताना, हळूच कुत्र्याचं सांगत होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

गावाबाहेर म्हाकू आबांनी दोन खोल्या नव्याने बांधल्या होत्या. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, आता शेती होती. त्यांच्या ओट्यावर बसल्या बसल्या मी आधी कुत्र्याचंच सांगितलं, मग अण्णांचं.

आबा म्हणाले, "घेऊन या दोघास्नी. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चहा होईपर्यंत अण्णा उठले आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागले. जगताप उठणार, तोच आबांनी त्यांचा हात धरला.

"बसा. बघू द्या मला."

पिंट्या भुंकला नाही. धावत पुढे गेला आणि अण्णांच्या वाटेत आडवा उभा राहिला. अण्णा बाजूने निघाले, तो त्या बाजूला. मग गुडघ्याला अंग घासत त्याने त्यांना हळूहळू वळवलं. अण्णा त्याच्या डोक्यावर हात ठेवून परत ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "चला, घर आलं."

"आमचं कुत्रं कोकरू आसंच वळवायचं," आबा म्हणाले. "दात न्हाई लावायचं."

"मग खोल्यांचं काय करायचं, आबा?" मी विचारलं.

"काय करायचं म्हंजी? आज चुना मारून घेतो. उद्या सामान आणा."

अकरा महिन्यांचं ते अ‍ॅग्रीमेंट मी पुढे तीन वेळा रिन्यू केलं. तिसऱ्या वर्षी पिंट्या म्हातारपणाने गेला. जगतापांनी दाराला बाहेरून कडी बसवून घ्यायला सुतार बोलावला. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः फाटकाशी बाज टाकून बसू लागले. अण्णा निघाले की तेही निघायचे, चार गोष्टी बोलायचे आणि बोलता बोलता वळून घरी यायचे. अण्णा असेपर्यंत हे चाललं. त्या दाराला बाहेरून कडी कधी लागली नाही.

धंद्यापुरतं सांगायचं तर, अडचण पहिल्या वाक्यात सांगावी. ज्याला नको तो लगेच नाही म्हणतो, आणि आपली चक्कर वाचते.