आईच्या नावावर ढकललेली परीक्षा

आमची आई सहा महिने अकोल्याला थोरल्या भावाकडे आणि सहा महिने अमरावतीला माझ्याकडे राहते. घर बदलायचे दिवस ठरलेले आहेत, भाऊबीज आणि अक्षय्य तृतीया. अक्षय्य तृतीयेला भावाकडे वडिलांच्या नावाची घागर भरायची, जेवायचं आणि ऊन उतरलं की आईला घेऊन निघायचं.

यंदा त्याच आठवड्यात माझी लॉ सीईटी आली. वकिलाकडे कारकुनी करता करता माझे केस पिकले. आपणही काळा कोट घालावा, असं फार दिवसांपासून मनात होतं. फॉर्म भरला तेव्हा हुरूप होता. मग मोबाईलवर सराव परीक्षा दिल्या, तर दर वेळी प्रश्न वाचून व्हायच्या आत वेळ संपे. ऑफिसातले तरुण ज्युनिअर विचारतील, "काका, किती पडले?" या प्रश्नाचीच धास्ती बसली. म्हणून ऑफिसात सगळ्यांना आणि फोनवर भावालाही सांगून टाकलं, "आई यायची आहे. तिचं पाहावं लागतं. पुढच्या वर्षी देतो."

अर्धांगवायूनंतर आईला उठवा-बसवायला माणूस लागतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट कौतुकच झालं. ते मी मुकाट्यानं घेतलं.

अकोल्याला पोचलो तेव्हा घागर पुजून झाली होती. आईची पिशवी या दिवशी दाराशी बांधून ठेवलेली असते. ती दिसली नाही. तिची लुगडी अजून दोरीवरच होती.

"माय, निघायचं न?"

"मी नाई येत. तुहा पेपर झाला का मंग ने मले. माह्यापायी तुहं वरीस काहून वाया जावं?"

भावानं रसाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "घ्या वकीलसायेब. आता दुसरा बहाणा पाहा."

तो हसत होता, पण त्याला कळलं होतं. वहिनी हसली नाही. आईला उचलताना तिचं मनगट लचकलं होतं, त्यावर पट्टी बांधलेली होती. त्याच हातानं ती मला पोळी वाढत होती.

भाऊ हात धुवायला गेला तसा मी आईच्या खाटेवर टेकलो. "माय, तुह्यामुळं नाई. मले जमून नाई राह्यलं. मी भेलो."

तिनं चालता हात माझ्या तोंडावर ठेवला. "राहू दे. मले वाईट वाटू नाई म्हणून बोलून राह्यला तू."

मी पुन्हा सांगितलं. तिचे डोळे भरून आले. सुनेकडे वळून म्हणाली, "पाह्य व बाई, किती जपते हा मले."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतताना एसटीत शेजारची जागा रिकामी होती. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी त्या जागेवर माझी पिशवी ठेवून बसलो होतो, कुणी तरी यायचं असल्यासारखा. पेपर आता द्यावाच लागेल. वकिलीची आस उरली आहे म्हणून नव्हे, तर तो दिल्याशिवाय आई इकडे येणार नाही आणि वहिनीचा हात मोकळा होणार नाही म्हणून.

गुण कमीच पडणार. तेव्हा आई म्हणेल, माह्या काळजीत त्याचा अभ्यास झाला नाई. मी खरं सांगेन, आणि ती पुन्हा माझ्या तोंडावर हात ठेवील.