सांभाळणाऱ्या पेशी

स्फाक्स या समुद्रकाठच्या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सालहा पांढरे उंदीर सांभाळायची. नेमणूक झाडलोटीची होती, पण उंदरांच्या खोलीत दुसरं कुणी टिकत नव्हतं. वास सोसत नसे. सालहाचं लहानपण मासळीबाजारामागच्या गल्लीत गेलेलं. ती म्हणायची, वासानं आजवर कुणी मेलेलं नाही, अत्तर लावणारेच आधी जातात.

तिचा नवरा मोंजी समुद्राच्या तळाशी मातीची मडकी सोडून ऑक्टोपस धरायचा. एकुलता एक मुलगा वजदी चार मित्रांबरोबर चोरून होडीत बसला आणि इटलीकडे निघाला. पोचल्याचा फोन आला नाही. प्रेतही कुठल्या किनाऱ्याला लागलं नाही. मोंजीनं मडकी अंगणात रचून ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. एकदा कपड्यांनिशी छातीभर पाण्यात चालत गेला, कोळ्यांनी ओढून आणला. तेव्हापासून सालहाचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. हा माणूस जगला पाहिजे. कामावर येताना ती सुऱ्या पिठाच्या डब्यात खुपसून यायची. शेजारणीला डोकावायला सांगायची. दुपारी फोन करून विचारायची, जेवलास का, दाढी केलीस का. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. त्यावरही तिचं समाधान व्हायचं.

उंदरांवर सिरीन नावाची तरुण डॉक्टर प्रयोग करत होती. निम्मे उंदीर सुखात ठेवायचे. निम्म्यांना छळायचं, पण रक्त न काढता. आज पिंजऱ्यातला भुसा ओला करायचा, उद्या पिंजरा तिरका ठेवायचा, परवा एकेकाला वेगळं काढायचं. हे सगळं सालहा करायची. भुशावर पाणी ओतताना त्यांच्याकडे बघत नसे. नंतर त्या उंदरांपुढे दोन बाटल्या टांगायच्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेची. धडधाकट उंदीर साखरेच्या बाटलीला लुचतो. खचलेल्याला दोन्ही सारख्याच.

एकदा सिरीननं तिला मेंदूचा पातळ काप पडद्यावर मोठा करून दाखवला. तपकिरी चांदण्यांसारखं काहीतरी पसरलेलं होतं. सिरीन म्हणाली, मेंदूत निरोप देणाऱ्या पेशींचंच सगळीकडे नाव होतं. या त्या नव्हेत. या त्यांच्या भोवती असतात. रक्तातून त्यांना खाणं पुरवतात, त्यांनी केलेला पसारा आवरतात.

"म्हणजे स्वयंपाकघरातल्या," सालहा म्हणाली.

सिरीन हसली. "तसंच समज, मावशी."

"मग बरोबर आहे. त्यांचा फोटो कोण काढणार?"

सिरीननं दुसरा काप लावला. हा छळलेल्या उंदराचा. इथे चांदण्या विरळ होत्या, त्यांचे हात आखडलेले. फार दिवस ताण राहिला की या पेशी सुकतात, आणि उदासीचं मूळ कदाचित इथेही असेल, असं सिरीनला वाटत होतं. तेच तिला तपासायचं होतं.

सालहा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "या सुकतात तेव्हा त्यांना कोण बघतं?"

सिरीनला प्रश्न आवडला. पण उत्तर द्यायचं राहिलं, तिला वर्गावर जायची घाई होती.

मोंजीची हकिगत कळल्यावर सिरीननं त्याला आपल्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू मोंजी अंगणात येऊन बसू लागला, मग मडक्यांचे दोर तपासू लागला. कॉलेजात जो तो सालहाला विचारायचा, मोंजी कसा आहे. ती म्हणायची, बरा आहे, देवाची कृपा. लोक खूश होऊन पुढे जायचे.

त्याच सुमारास सालहाच्या चहातली साखर गेली. स्फाक्सच्या बाईचा चहा म्हणजे काळा पाक. सालहाच्या पेल्यात तर चमचा उभा राहील अशी थट्टा व्हायची. आता ती कोरा कडू चहा तसाच गिळायची, तोंडही वाकडं न करता. सिरीननं एकदा विचारलं, मधुमेह निघाला का? सालहानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. सिरीन म्हणाली, चांगलं केलंस, या वयात जपायलाच हवं. आणि साखरेच्या पाण्याच्या बाटल्या मोजून घेऊन ती आत गेली.

मग एका सोमवारी उंदीर मेलेले सापडले. छळायचे नव्हेत, सुखात ठेवलेले. त्यांच्या बाटल्या कोरड्या ठणठणीत होत्या. सालहा त्याच खोलीत स्टुलावर बसून होती. प्राध्यापक तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मी बघत होते. उठायचं राहिलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, त्यानंतरही नाही.

रिकाम्या पिंजऱ्यांसमोर उभं असताना सिरीनला तो कडू चहा आठवला. ती घरी जाऊन आईजवळ बसली. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या घरी कुणी ताट नेलं होतं का? मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बायका दिवसचे दिवस कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे आणि रस्सा, शिजवून नेतात, घरच्या बाईला भांडंसुद्धा घासू देत नाहीत. पण वजदी मेला असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. ताट नेणं म्हणजे त्याला पुरणं. म्हणून कुणी नेलं नाही, आणि सालहाची चूल एक दिवसही विझली नाही.

"माणुसकी म्हणूनच गेल्या नसतील," आई म्हणाली. "बाई मात्र तशीच राहिली गं."

तिनं कुसकुस शिजवलं. सिरीन झाकलेलं पातेलं घेऊन सालहाच्या दारात उभी राहिली. दार मोंजीनं उघडलं. पातेलं बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. त्याला कळलं ते काय आहे.

"हे या घरात येणार नाही," तो म्हणाला. "माझा पोरगा जिवंत आहे."

"काका, मावशी काही खातेय का?"

आत अंधारात सालहा भिंतीकडे तोंड करून पडली होती, नेमकी तो बसायचा त्या जागी. चुलीवर सकाळचं दूध उतू जाऊन करपलेलं होतं. मोंजीनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. त्यानं ते सिरीनच्या हातातून घेतलं.

तो सालहाजवळ जमिनीवर बसला. चमचा भरून तिच्या ओठांशी नेला. वासावरून तिनं ओळखलं. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"कुणाचं ताट आहे हे?"

"आपलं," तो म्हणाला. "वजदीचं."

तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. तो चमचा तसाच धरून बसला. चमच्यातला रस्सा तिच्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळला, तो त्यानं बाहीनं पुसला, आणि पुन्हा चमचा भरला.